पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक

त्या राज्यात पुस्तकांशी कोणाचे वैर नव्हते; फक्त ती वाचायला कोणाला वेळ नव्हता. रीत मात्र जुनी आणि चांगली होती. आयुष्यात जे काही उमगले ते प्रत्येक प्राण्याने मरण्यापूर्वी एका पुस्तकात लिहून ठेवायचे, आणि ते पुस्तक नगराच्या ग्रंथालयात जायचे. प्रत एकच असे. दुसऱ्याचे शहाणपण पुन्हा लिहून काढण्याइतका धीर त्या राज्यात कोणाच्याच अंगी नव्हता.

ग्रंथालय सांभाळत असे एक साळिंदरीण. तिला सगळे साळूमावशी म्हणत. एखाद्या पुस्तकाची शिवण उसवली की ती आपल्याच पाठीवरचा एक काटा उपसून त्याची सुई करी. शेकडो पुस्तके तिने अशी शिवली, आणि पाठ पार विरळ करून घेतली. त्याची तिला खंत नव्हती. खंत एकच होती, की उंबरठा ओलांडून कोणी आत येत नसे.

म्हणून बुलबुल ग्रंथालयाचा कार्यवाह झाला तेव्हा तिला आभाळ ठेंगणे झाले. त्याला अक्षरे तिनेच शिकवली होती. गळा गोड, डोक्यावर ऐटबाज तुरा, आणि चार जणांत बोलायची हातोटी.

"मावशी, लोक आपणहून पुस्तकांकडे येत नाहीत ना? मग आपण त्यांना आणू," तो म्हणाला. "व्याख्यानं ठेवू, गाणी ठेवू. एकदा आले की पुस्तकं दिसतीलच."

तिला ते पटले. पहिल्याच व्याख्यानाला बाहेरची खोली फुलून गेली. पाहुणा होता बगळा, विषय होता एकाग्रता. स्वागताच्या वेळी बुलबुलाने जाहीर केले, "फुलं संध्याकाळी सुकतात. आपण पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक देऊन स्वागत करू या!" टाळ्यांचा कडकडाट झाला. साळूमावशीने धावत जाऊन कपाटातले एक उत्तम पुस्तक स्वतःच्या हाताने निवडले, स्वतःच्या हाताने चकचकीत कागदात गुंडाळले आणि दिले. वाचून परत करतीलच, अशी तिची समजूत. चूक म्हणायची तर एवढीच, आणि ती तिचीच होती.

मग प्रथाच पडली. पाहुण्यांना पुस्तक, अध्यक्षांना पुस्तक, सूत्रसंचालन करणाऱ्या पोपटाला पुस्तक, सतरंज्या देणाऱ्या रानडुकरालाही पुस्तक.

महिना गेला तरी एकही पुस्तक परत येईना, तेव्हा ती बगळ्याच्या दारी गेली.

"पुस्तक होय? होतं खरं," बगळा एका पायावर उभा राहून म्हणाला. "पण परवा कासवाच्या शंभरीला रिकाम्या हातानं कसं जायचं?"

कासवाने ते खारीच्या बारशाला दिले होते आणि खारीने आणखी कोणाच्या तरी गृहप्रवेशाला. कागदाची घडी कोणीच मोडली नव्हती. तीन दिवस भटकून ती हात हलवत परतली.

"अरे, एकेकच प्रत आहे," ती बुलबुलाला काकुळतीने म्हणाली. "गेलं ते गेलं. पण आतल्या खोलीतल्यांना हात लावणार नाहीस, असं वचन दे."

"मावशी, गळ्याशपथ! गाणाऱ्याची शपथ आहे, खोटी कशी होईल?"

आणि तिचा जीव भांड्यात पडला.

पुढे वाचनसप्ताह आला. गर्दी इतकी, की बाहेरच्या खोलीतल्या रिकाम्या फळ्यांवरही श्रोते चढून बसू लागले. सप्ताहाचा समारोप साळूमावशीच्या सत्काराने होणार होता. "सत्कारमूर्तीनं आधी इकडे फिरकायचं नाही," असे लाडाने म्हणत बुलबुलाने तिच्या कमरेची किल्ली काढून घेतली. "झाडलोट मी बघतो. तू आराम कर." आयुष्यात पहिल्यांदाच कोणी तिला आराम कर म्हटले होते. ती सात दिवस घरी बसली आणि मनातल्या मनात त्याला आशीर्वाद देत राहिली.

आठव्या दिवशी वाजतगाजत तिला आणले गेले. व्यासपीठ आतल्या खोलीत होते. फळ्याफळ्यांवर खारी, साळुंक्या, उंदीर, सरडे, कण्याला कणा लावून, ओळीने, नीट बसले होते. पुस्तक एकही नव्हते.

"अरे, आतली पुस्तकं?" तिने कसेबसे विचारले.

"सात दिवस, मावशी, आणि रोज दहा-दहा पाहुणे. बाहेरची कधीच संपली," बुलबुल श्रोत्यांकडे बघून हसत कुजबुजला. "हस ना, सगळे बघतायत."

"आणि शपथ?"

"तेव्हा एवढा प्रतिसाद मिळेल हे कुठं माहीत होतं?"

केसाने गळा कापला होता, आणि ज्याने कापला त्याच्या आवाजात एवढीशी थरथर नव्हती. तिला रडू आले. श्रोत्यांना वाटले, मावशी भारावल्या.

शाल आली, ती काट्यांत अडकली. मग बुलबुलाने आतल्या खोलीच्या अगदी खालच्या फळीवरून एक पुडके काढून तिच्या हाती दिले. तिने आजवर कोणी केले नव्हते ते केले, व्यासपीठावरच कागद फाडला. आत तिचे स्वतःचे पुस्तक होते. फावल्या वेळात लिहीत आलेले, अर्धेच झालेले, पुढची पाने कोरी. तिने ते छातीशी धरले.

"आणि आता," बुलबुलाचा गळा खोलीभर घुमला, "प्रमुख पाहुणे गवासाहेब यांचं पुस्तक देऊन स्वागत करण्याची मी साळूमावशींना विनंती करतो!"

तिने इकडेतिकडे पाहिले. द्यायला दुसरे पुस्तक नव्हते. बुलबुलाने हलकेच, अगदी आदराने, तिची बोटे एकेक करून सोडवली. गवासाहेबांनी पुस्तक घेतले, न बघता मागे उभ्या असलेल्या नोकराकडे दिले, आणि टाळ्या सुरू झाल्या.

दारात उशिरा आलेली एक घूस केव्हाची ताटकळत होती. खालच्या फळीवर पुस्तकाएवढी जागा झालेली पाहून ती लगबगीने आत आली, अंग चोरून त्या फटीत बसली, आणि टाळ्या वाजवू लागली.