खेकड्याने गमावलेला पाय

मुलांनो, समुद्रकाठच्या काळ्या खडकांत एक खेकडा राहत असे. चालायचा तिरका, पण बघायचा अगदी सरळ. खडकांवर, शिंपल्यांवर, जुन्या होडीच्या तळाला, सगळीकडे कालवे चिकटून बसत; एका तपकिरी शेवाळावर मात्र कोणीच बसत नसे. "याच्या अंगात काहीतरी असणार," असे तो स्वतःशी म्हणे.

एके दिवशी एक कासवीण लंगडत किनाऱ्यावर आली. जाळ्याने कापलेला तिचा मागचा पाय चिघळला होता. "आठ दिवसांत मला अंडी घालायची आहेत, आणि वाळूत खड्डा खणायला हाच पाय लागतो," ती रडवेली होऊन म्हणाली. खेकड्याने तिला शेवाळाची गोष्ट सांगितली. ती कानावर पडायचा अवकाश, जवळच बसलेला शहाणा कावळा चोचभर हिरवे शेवाळ घेऊन हजर! "बांध गं पटकन! शेवाळ इथूनतिथून सारखंच. सगळ्या रोगांवर एकच औषध!"

"थांब, कासवताई," खेकडा म्हणाला. "त्यात गुण असेल असं मला वाटतं, पण खात्री नाही. तुझे मागचे पाय दोनच. मला आठ आहेत, आणि त्यातले दोन परवाच खडकावर सारखेच खरचटलेत. एकाला हिरवं बांधतो, दुसऱ्याला तपकिरी. तीन दिवस कळ काढ."

"दुखतंय मला, तुला नाही!" कासवीण चिडून म्हणाली. तिचे खरेच होते. खेकड्याला फार वाईट वाटले, तरी तो हटला नाही.

चौथ्या दिवशी खेकड्याचा हिरवे शेवाळ बांधलेला पाय सडून गळून पडला. तपकिरी बांधलेला पाय मात्र बरा झाला होता. कासविणीने त्या गळलेल्या पायाकडे पाहिले आणि आपला पाय पुढे केला. खेकड्याने त्याला तपकिरी शेवाळ बांधले. आठव्या दिवशी ती वाळूवर चढली, खोल खड्डा खणला आणि त्यात अंडी घातली.

झाले! कावळा गावभर ओरडत सुटला, "औषध सापडलं! ताप, खोकला, टक्कल, सगळं बरं!"

खेकडा धडपडत त्याच्यामागे गेला. "अरे, एका जखमेला गुण आला, एवढंच सांग," तो म्हणाला. "दुसऱ्या दुखण्याचं पुन्हा बघावं लागेल. अजून सात पाय आहेत मला."

तात्पर्य : गुण दिसला म्हणून लगेच औषध म्हणू नये, आधी पारखावे, आणि पारखण्याची झळ दुसऱ्याला लावू नये.