पाऊल वाजणारं रान

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा पाखरांना माणसांशी बोलायचा कंटाळा आलेला नव्हता.

एका राज्यात एक फरास होता. राजवाड्यात बिछायती घालायच्या, समया पुसायच्या आणि झाडलोट करायची, हे त्याचं काम. त्याने झाडलेल्या चौकात तुपाचा थेंब सांडला तरी बोटाने चाटून घ्यावा, असं लोक म्हणत. झोपेतही तो अंथरुणाच्या सुरकुत्या तळव्याने सारख्या करायचा. त्याची बायको देवघरासाठी हार गुंफायची. गुंफता गुंफता तिचे डोळे मंद होत गेले, आणि एका हिवाळ्यात उरलासुरला उजेडही गेला.

फरास म्हातारा झाला तेव्हा राजाने त्याला निरोपाचं सोन्याचं कडं दिलं.

"अगं, काय घेऊ या याचं?" त्याने बायकोला विचारलं.

"जिथे नगारे नाहीत, घंटा नाहीत, अशी एखादी जागा घेऊ," ती म्हणाली. "इथल्या गोंगाटात मला काही म्हणजे काही दिसत नाही."

त्याला हे बोलणं समजलं नाही. पण बायकोचं सगळंच बोलणं समजलं पाहिजे असं थोडंच आहे? तो जागा शोधायला निघाला.

डोंगराच्या कुशीत रानाचा एक तुकडा विकायचा होता. उंच सागाची झाडं, वळणावर बांबूचं बेट, कातळातून पडणारा एक झरा आणि मधोमध एक गळकं घर. तिथली सकाळ धुक्यात बुडालेली असायची आणि दुपारीसुद्धा सगळं अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटायचं. रानाची मालकीण एक वाळकी, उंच बाई होती. ती आता लेकीकडे राहायला जाणार होती.

त्या मुलखात एक रीत होती. रानाची बोलणी रानातच बसून करायची. शेवटी घेणाऱ्यांनी डोळे मिटायचे आणि कानावर काय आलं ते सांगायचं. ते सांगितलं की सौदा पुरा.

फरास बायकोला घेऊन तिथे आला आणि बोलणी झाली. डोळे मिटायची वेळ आली, तशी त्याची म्हातारी लगेच सांगू लागली. "झरा दगडावर पडतोय. बांबू कुरकुरतोय. सातभाई पाखरं पाचोळा उकरतायत आणि भांडतायत. आणि बाई, तुमची पायवाट चांगली मळलेली आहे. तिच्यावर पाय वाजत नाही, बाहेर पडला की लगेच वाजतो."

"आणि तुम्ही हो?" मालकिणीने फरासाला विचारलं.

फरासाने डोळे मिटले होते खरे, पण अर्धेच. "छप्पर गळकं आहे," तो म्हणाला. "आणि केवढा हा कचरा!"

मालकीण हसली. "मग तुमच्याकडून सौदा अर्धाच झाला म्हणायचा," असं म्हणून तिने कडं पदराच्या टोकाला बांधलं आणि ती निघून गेली.

सुरुवातीचे दिवस फार गोड गेले. म्हाताऱ्याने छप्पर शाकारलं, चूल घातली, अंगणात ओटा केला. म्हातारी रोज सकाळी एकटीच झऱ्यावर जायची. काठी नुसती काखेत असायची. पाऊल पाचोळ्यात पडून खर्र वाजलं, की ती परत वाटेवर यायची. बांबू कुरकुरला की वळायची. मग झऱ्याचा आवाज मोठा मोठा होत जायचा आणि ती ओल्या कातळावर जाऊन बसायची. सातभाई, म्हणजे ती टोळीने हिंडणारी, कधी गप्प न बसणारी मातकट पाखरं, तिच्या पायांशी पाचोळा उलथत असायची. परतताना तिच्या तोंडावर असं हसू असायचं, जसं तिच्या तरुणपणी पहिला मोगरा हाती आला की असायचं.

पण म्हाताऱ्याच्या जिवाला घोर लागला. झऱ्याच्या पलीकडे खोल घळ होती. वाटेच्या दोन्ही बाजूंना पालापाचोळा. त्यात काटा असेल, साप-किरडू असेल. "हिचं काही झालं तर मी कुणासाठी जगू?" तो स्वतःशी म्हणायचा. आणि मग जन्मभर जे केलं तेच त्याने केलं. झाडू उचलला.

रान झाडायचं म्हणजे काय, हे ज्याने आपलं अंगणसुद्धा कधी झाडलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. म्हाताऱ्याने वाट झाडली, वाटेच्या दोन्ही बाजू झाडल्या, झाडांखालच्या जागा झाडल्या. पाचोळ्याचे ढीग जाळले. जमीन चोपली आणि शेणाने सारवली. बांबूचं बेट कुरकुरत होतं, ते मोडकळीला आलंय असं समजून तोडलं. त्याच बांबूंची पन्हळ करून झऱ्याचं पाणी थेट दारातल्या रांजणात आणलं. म्हातारीला आता पाण्याला जायला नको!

सातभाई आले. सारवलेल्या जमिनीवर उतरले, चोची आपटल्या आणि एकमेकांकडे बघू लागले.

"आमचं ताट कुठे गेलं रे, म्हाताऱ्या?" एकाने विचारलं.

"ताट कसलं! कचरा होता तो," म्हातारा म्हणाला.

"याच्या घरी जेवायचं आमंत्रण आलं तरी जाऊ नका रे," दुसरा म्हणाला, आणि सगळे कलकलाट करत हद्दीपलीकडच्या रानात उडून गेले.

संध्याकाळी म्हाताऱ्याने बायकोचा हात धरून तिला सगळीकडे फिरवलं. "आता कसं राजवाड्यासारखं झालंय की नाही?"

"तुम्ही फार दमलात हो," ती एवढंच म्हणाली.

त्यानंतर ती ओट्यावर बसून राहू लागली. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी झालं. म्हाताऱ्याला वाटलं, घराच्या भिंती काळवंडल्यात म्हणून तिला उदास वाटत असेल. आंधळ्या बायकोला भिंतींचा रंग खुपतोय असं ज्याला वाटतं, त्याला काय म्हणावं? पण माया अशीच असते, तिला स्वतःच्या हातापलीकडचं दिसत नाही. एक दिवस तो चुना आणायला गावात गेला.

तो परतला तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. ओटा रिकामा होता. काठीही नव्हती.

"अगं ए!" त्याने हाक मारली. हाक रानातून हिंडून त्याच्याकडेच परत आली. त्याने पावलांचे ठसे शोधले, पण सारवलेल्या, चोपलेल्या जमिनीवर ठसा कुठला उमटायला? ती कुठल्याही दिशेला गेली असेल. झऱ्याकडे, नाहीतर घळीकडे. म्हाताऱ्याच्या हातातली चुन्याची पाटी पडली. पांढरा चुना त्याच्या लाडक्या अंगणात पसरला, आणि त्याचं तिकडे लक्षही गेलं नाही.

तो धावत हद्दीवर आला. तिथे एका फांदीवर सातभाई अंगाला अंग लावून बसले होते. त्याने पाहिलं, तर ते सहाच होते.

"पाखरांनो, माझी बायको पाहिलीत का?" त्याने हात जोडले.

"आता आठवण झाली होय आमची?" एक म्हणाला.

"आधी झाडू दाखवायचा, मग हात जोडायचे!" दुसरा म्हणाला.

"पुरे रे," तिसरा म्हणाला. "रडतोय तो. म्हाताऱ्या, आमचा सातवा तिच्यापाशी बसलाय. आवाज ऐकत ये."

"कसला आवाज?"

"डोळे मीट म्हणजे कळेल."

या वेळी म्हाताऱ्याने डोळे पूर्ण मिटले. आधी त्याला स्वतःची धाप ऐकू आली. मग वारा. मग फार लांब, एका पाखराची किरकिर आणि पाचोळ्याची बारीक खसखस. तो त्या आवाजामागून चालत गेला.

म्हातारी एका ऐनाच्या झाडाखाली गुडघाभर पाचोळ्यात बसली होती. तिच्यापुढे दोन हातांवर घळीचा कडा होता. सातवा भाऊ तिच्याजवळ पाचोळा उकरत होता.

"आलात?" ती म्हणाली. "झऱ्यावर निघाले होते. पण कुठे काही वाजेचना. चालत राहिले, चालत राहिले. मग पाय वाजला आणि थांबले. म्हटलं, आलं आपलं रान."

"अगं, आपलं रान तिकडे आहे."

"तिकडे मला काही दिसत नाही हो."

म्हातारा तिच्याशेजारी बसला आणि लहान मुलासारखा रडला. "मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही किती हौसेने करत होता!" तिने त्याचा हात चाचपून हातात घेतला. "जागा घेताना मला विचारलंत. नीट करताना नाही विचारलं."

दुसऱ्या दिवसापासून त्या मुलखातल्या लोकांना एक मजा बघायला मिळाली. राजवाड्याचा फरास पाट्या भरभरून पाचोळा आणत होता आणि आपल्या रानात पसरत होता! लोक हसून हसून लोळले. त्याने पन्हळ काढून टाकली, झरा पुन्हा दगडावर पडू लागला. बांबू मात्र एका दिवसात उगवत नाही. त्याने नवे कंद लावले आणि ते वाढेपर्यंत तोडलेल्या बांबूचे तुकडे दोरीने वळणावर टांगले, म्हणजे वाऱ्याने एकमेकांवर वाजतील. जिथे पाऊल चुकलं तर जीव जाईल, त्या घळीच्या काठाला मात्र त्याने कुंपण घातलं. पण ते तिला विचारून.

पुढच्या हिवाळ्यात सागाने आपली मोठमोठी पानं खाली सोडली आणि सातभाई परत आले. "जेवण बरं आहे हल्ली इथलं," असं म्हणत ते भांडायला लागले.

एका धुकट सकाळी म्हातारी झऱ्यावर निघाली, तेव्हा म्हाताऱ्याने तिचा पदर हातात धरला, डोळे मिटले आणि तो तिच्या मागून चालू लागला. वळणावर बांबू वाजले. पाचोळा एकदा वाजला, तो त्याच्याच पायाखाली. धुक्यात दोघं अशी चालली होती, जणू रानच त्यांना हाताला धरून नेत होतं.

"काय ऐकू येतंय?" म्हातारीने विचारलं.

म्हाताऱ्याने मान जराशी पुढे केली. मग म्हणाला, "पुढे तुझी जोडवी वाजतायत."

रानाचा उरलेला अर्धा सौदा त्या सकाळी पुरा झाला, असं सातभाई अजून एकमेकांना सांगतात.

तात्पर्य: ज्याच्यासाठी घर नीट करायचं त्याला आधी विचारावं, कारण आपल्याला जो कचरा दिसतो तोच त्याचा आधार असू शकतो.