सुजलेल्या नाकांचा निकाल

रानातले प्राणी आपले कज्जे आपणच मिटवत, तेव्हाची गोष्ट. आंब्यावरचं मधाचं पोळं कुणीतरी फोडलं आणि पकडलं गेलं माकडाचं पोर, फुदक्या. मधमाश्या चावून त्याचं नाक वांग्याएवढं झालं होतं!

"मी फक्त बघायला गेलो होतो," फुदक्या रडकुंडीला येऊन म्हणाला.

"पोरच ते! बहुतेक यानंच फोडलं असणार," असं म्हणून रानडुक्कर, तरस आणि कोल्हा या तिघा पंचांनी त्याला उन्हाळाभर झाडावर चढायची बंदी केली. माकडाला झाडबंदी! फुदक्याच्या आईने थेट हत्तीणआजीकडे दाद मागितली.

आजीने पंचांना बोलावलं. तिघेही तोंडावर पळसाची पानं धरून आले. आजीने सोंडेतून एक फुंकर घातली, पानं भुर्र उडाली आणि फुदक्याला हसू आवरेना. तिघांचीही नाकं भोपळ्यासारखी टम्म!

"निकाल दिल्यावर जागेची पाहणी करायला गेलो होतो," रानडुक्कर पुटपुटलं. "फक्त बघायला!"

"असं होय? मग पोळं बहुतेक तुम्हीच फोडलंत. उन्हाळाभर पाणवठाबंदी!"

"अहो आजी, नुसत्या 'बहुतेक'वर कुणी शिक्षा करतं का?" तिघे एका सुरात ओरडले. "आधी नक्की काय ते सिद्ध करा!"

"एवढं कळायला तुम्हाला स्वतःची नाकं सुजवून घ्यावी लागली," असं म्हणत आजीने फुदक्याला सोंडेने उचललं आणि आंब्याच्या सगळ्यात उंच फांदीवर नेऊन बसवलं.