साडेचार मुलांची शाळा

एका गावात टेकाडावर एक शाळा होती, आणि त्या शाळेत सोपान गुरुजी नावाचे एक फार भोळे गुरुजी होते. मनानं लोण्यासारखे. मुलांवर त्यांनी कधी हात उगारला नाही. फक्त त्यांना कुणी काही सांगितलं की ते तसंच्या तसं करायचे. सरपंचांनी एकदा त्यांना चहाला बोलावलं आणि म्हणाले, "घर आपलंच समजा, गुरुजी." दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी ट्रंक आणि गादी घेऊन सरपंचांच्या दारात हजर.

शाळेत मुलं पंचेचाळीस आणि शिकवणारे दोघं. एक सोपान गुरुजी आणि दुसऱ्या मुख्याध्यापिका निगडेबाई. खिचडी रांधायला सोनाक्का होती.

एक दिवस निगडेबाईंना वरून निरोप आला. तालुक्याचे मोठे साहेब शाळा बघायला येणार. मुलांना माहिती गोळा करता येते का, मांडता येते का, तिचा अर्थ लावता येतो का, हे ते बघणार. शिवाय पटही बघणार. मुलं कमी दिसली तर शाळा बंद, आणि सगळ्यांनी खिंड ओलांडून पलीकडच्या गावी जायचं. निगडेबाईंना एकच काळजी. पहिलीतली पोरं खिंड कशी चढणार?

त्या गुरुजींना म्हणाल्या, "आतापासून तयारीला लागा. गावात कोणकोणती जनावरं आहेत, त्यांची माहिती गोळा करा आणि वर्गात मांडा."

"समजलं, बाई," गुरुजी म्हणाले. आणि ते कामाला लागले.

दुपारी बाई वर्गात आल्या तर दारात रेडा. आत सात शेळ्या, एक गाढव, दोन बैल आणि टेबलावर कोंबड्या. मुलं खिडक्यांत चढून बसलेली. एक शेळी भिंतीवरचा नकाशा खात होती आणि एव्हाना तिनं अर्धा समुद्र संपवला होता.

"हे काय, गुरुजी?"

"गोळा केलं, बाई. मांडायचं चाललंय. रेडा काही मांडू देत नाही."

जनावरं घरोघर पोचवायला संध्याकाळ झाली. मग बाईंनी गुरुजींना शांतपणे बसवलं. "वस्तू उचलून आणायची नसते, गुरुजी. ती तिच्या जागेवरच राहू द्यायची. आपण नुसती रेघ आणायची. एका वस्तूला एक रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी त्यांच्यावर आडवी."

"समजलं, बाई," गुरुजी म्हणाले. आणि त्यांना खरोखरच समजलं होतं.

पुढच्या आठवड्यात सोनाक्काचा तांदळाचा डबा रिकामा झाला. चुलीवर आधण ठेवलेलं. बाईंनी गुरुजींना वाण्याकडे पिटाळलं. "पाच किलो तांदूळ आणा. लवकर या, पोरं भुकेली आहेत."

गुरुजी धावतच गेले. वाण्यानं तांदूळ मोजून पिशवीत भरला. गुरुजींना एकदम बाईंचं बोलणं आठवलं आणि त्यांनी हात मागे घेतला. मागच्या वेळची चूक आता करायची नाही. त्यांनी खिशातून कागद काढला, चार उभ्या रेघा मारल्या, पाचवी आडवी मारली आणि धावतच परत आले.

"घाला, सोनाक्का," म्हणून त्यांनी कागद पुढं केला.

सोनाक्कानं कागद एका बाजूनं बघितला. मग उलटा करून दुसऱ्या बाजूनं बघितला. "निवडायला लागंल का?" तिनं विचारलं.

"नाही. एकदम स्वच्छ रेघा आहेत."

त्या दिवशी मुलांना गूळ-शेंगदाण्यांवर भागवावं लागलं. निगडेबाईंनी कपाळाला हात लावला, पण आवाज चढवला नाही. "रेघा फळ्यावरच्या कामाच्या, गुरुजी. पातेल्यातल्या नाहीत. आता पुढचं ऐका. रेघा झाल्या की त्यांचे स्तंभ काढायचे, खांबासारखे. जो उंच दिसेल त्याचं जास्त, जो बुटका दिसेल त्याचं कमी. बघताक्षणी कळतं, विचारावं लागत नाही."

"समजलं, बाई."

गुरुजी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्याही तेच घोकत होते. उंच त्याचं जास्त, बुटका त्याचं कमी. फार सोपं होतं. इतकं सोपं असून आपल्याला आजवर कुणी कसं सांगितलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

शनिवारी गावातल्या एका आजोबांनी नातू झाला म्हणून शाळेत खिरीचं पातेलं पाठवलं. बाई कार्यालयात होत्या. वाढायला गुरुजी उभे राहिले. चौथीतली चंदा सगळ्यांत उंच. तिच्या ताटलीत गुरुजींनी इतकी खीर ओतली, की ती काठावरून खाली वाहायला लागली. पहिलीतला राघू सगळ्यांत बुटका. त्याच्या ताटलीला त्यांनी डावाचं टोक टेकवलं आणि उचललं.

"गुरुजी, मला कमी आली," राघू म्हणाला.

"तू बुटका आहेस, बाळा. बुटक्याचं कमीच असतं."

मुलांना गणित पटकन समजतं. दत्तू दप्तरावर चढला. मैना दत्तूच्या खांद्यावर चढली. कुणी बाकावर, कुणी कट्ट्यावर. गुरुजी प्रत्येकाकडे नीट बघून वाढत होते. तेवढ्यात राघू चिंचेच्या झाडावर चढला आणि वरून हाक मारली. गुरुजींनी मान वर केली. आता सगळ्यांत उंच राघूच होता, त्यात काही शंका नव्हती. न्याय तो न्याय. गुरुजींनी अख्खं पातेलं उचलून वर धरलं.

राघूच्या हातात ते मावलं नाही. आणि नेमक्या त्याच वेळी निगडेबाई चिंचेखाली आल्या.

केसांतला भात काढत बाई म्हणाल्या, "गुरुजी, मुलं म्हणजे स्तंभ नव्हेत."

"मग काय, बाई?" गुरुजींनी मनापासून विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. बाईंच्या पातळावर खीर बघून त्यांना रडू येत होतं.

त्यांचा चेहरा बघून बाईंचाही राग मावळला. "आता शेवटचं सांगते. त्याला चित्रालेख म्हणतात. खूप मुलं असली की सगळी काढत बसायची नाहीत. जागा पुरत नाही, गर्दी होते. दहा मुलांमागे एकच मूल दाखवायचं. पाच उरली तर अर्धं दाखवायचं. आणि शेजारी सूची लिहायची, एक म्हणजे दहा. बघणाऱ्याला कळतं."

"समजलं, बाई."

साहेबांचा दिवस उजाडला. शाळा सारवली, तोरण लागलं. पंचेचाळीसच्या पंचेचाळीस मुलं तेल लावून, भांग पाडून आली. बाईंना साहेबांना आणायला एसटीच्या थांब्यावर जायचं होतं. निघताना त्या म्हणाल्या, "गुरुजी, माझा जीव टांगणीला लागलाय. साहेबांना गर्दी-गोंधळ खपत नाही. वर्गात पाऊल टाकलं की आपला पट त्यांना एका नजरेत कळला पाहिजे. नीट मांडून ठेवा."

"काळजी करू नका, बाई," गुरुजी म्हणाले.

तासाभरानं बाई साहेबांना घेऊन टेकाड चढून आल्या. शाळेत चिडीचूप. बाईंना बरं वाटलं. किती शिस्त आहे, असं साहेबांना वाटेल. त्यांनी वर्गाचं दार उघडलं.

वर्गात चार मुलं बसली होती. चंदा, दत्तू, मैना आणि बबन. एका ओळीत, सारख्या अंतरावर. फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'सूची : १ मूल = १० मुलं'.

निगडेबाईंनी वाकून बाकांखाली बघितलं.

"बाई, पट पंचेचाळीस म्हणालात ना?" साहेबांनी विचारलं.

गुरुजी पुढं झाले. "पंचेचाळीसच आहे, साहेब. बाकीची मी घरी पाठवली. गर्दी होत होती."

साहेब चंदाजवळ गेले. "बाळ, तू किती आहेस?"

"दहा, साहेब."

"आणि जेवतेस किती जणींचं?"

"एकीचंच. खीर असली तर जास्त."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "चार दाही चाळीस झाली. वरची पाच कुठं आहेत?"

गुरुजींनी अभिमानानं मागच्या दाराकडे बोट दाखवलं. दाराच्या चौकटीतून एक कान, एक डोळा, एक हात आणि एक पाय आत आला होता. बाकीचा राघू व्हरांड्यात होता.

"ती ती पाच, साहेब."

साहेब बराच वेळ त्या अर्ध्या राघूकडे बघत राहिले. अर्धा राघूही एका डोळ्यानं त्यांच्याकडे बघत राहिला. मग साहेबांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. बाईंना वाटलं, साहेबांना झटका आला. पण साहेब हसत होते. हसता हसता ते चंदाच्या शेजारी खालीच बसले.

"बाई, माझी अर्धी नोकरी शाळा बघण्यात गेली," डोळे पुसत ते म्हणाले. "मुलं चार आणि कागदावर चाळीस, असलं मी खूप बघितलंय. मुलं चाळीस आणि वर्गात चार, हे आज पहिल्यांदाच बघतोय. असला माणूस खोटा पट दाखवूच शकत नाही. बोलवा बाकीच्यांना, मोजतो आणि सही करतो."

बाई धावत गेल्या आणि घंटेचे टोल देत सुटल्या. मुलं वाट्टेल तिथून आली. कुणी बोरीखालून, कुणी ओढ्यावरून, कुणी तोंडातला घास चावत. साहेबांनी त्यांना अंगणातच ओळीत उभं केलं आणि मोजलं. अंगणात चाळीस, वर्गात चार.

"एक कमी भरतंय, बाई," साहेब म्हणाले.

बाईंचा चेहरा परत उतरला. गुरुजी मात्र मागच्या दाराशी उभे होते. तिथं राघू तासभर एक पाय आत, एक बाहेर ठेवून आता कळवळला होता.

"गुरुजी, माझा उरलेला अर्धा पण आत आणू का?" त्यानं विचारलं.

गुरुजींनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणजे डोकं जेवढं आत होतं तेवढ्यावरून.

"अजून थोडा दम धर, बाळा," ते हळूच म्हणाले. "फळ्यावरची सूची अजून पुसलेली नाही. तू अख्खा आत आलास तर पाचाचे दहा होतील, पट पन्नासावर जाईल, आणि मग साहेब आपल्याला खोटं म्हणतील."