एन्जॉयचं बरोबर वाक्य

बायकांना इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या क्लासची सहल हुरडा खायला बार्शीजवळच्या एका शेतावर गेली होती. आगटीतून ज्वारीची भाजलेली कणसं निघाली. हुरडा खावा तो गरमच, गार हुरड्यात काही राम नसतो. सगळ्या हात पुढे करणार, तेवढ्यात क्लासचे खरवंडीकर सर उभे राहिले.

"ऊठसूट एन्जॉय, एन्जॉय करता! काय एन्जॉय करता, ते कोण सांगणार? आज अर्थ नीट समजून घ्या. एन्जॉयचं बरोबर वाक्य केल्याशिवाय कुणी हुरड्याला हात लावायचा नाही!"

आणि सर जे सुरू झाले, ते थांबेचनात. कणसं निवत चालली. शेवटी मालनबाई मोटे उठल्या आणि त्यांनी इंग्रजीत ठणठणीत वाक्य म्हटलं. अर्थ असा, की सर अर्थ सांगत राहिले आणि आम्ही सगळ्यांनी हुरडा एन्जॉय केला.

"शंभर टक्के बरोबर!" सर खूश झाले. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "पण असं घडलं कधी?"

"तुम्हीच बरोबर म्हणालात ना सर? मग आता घडवतो," मालनबाई आगटीकडे वळल्या. "चला गं सगळ्या! आणि सर, तुम्ही थांबू नका. तुमचा अर्थ चालू ठेवा."