लटारूच्या विहिरीचा काळा दगड

विषय : मौजे पाथरबोडी येथील लटारू पाणाड्याच्या विहिरीवर वर्षातून एक दिवस जाऊ देण्याबाबत.
संदर्भ : पूर्वापार चालत आलेली गोष्ट.

उपरोक्त विषयी निवेदन असे, की फार वर्षांपूर्वी, पाथरबोडीला टेकडी होती तेव्हा, गावात लटारू नावाचा पाणाड्या राहत असे. तो जमिनीला कान लावी आणि खालचं पाणी त्याच्याशी बोले, असं म्हणतात.

एका दुष्काळात त्यानं टेकडीच्या पायथ्याशी विहीर खणायला घेतली. वीस हातांवर काळा दगड लागला. मुठीएवढा, पण उचलायला दोन माणसं.

“लोखंडाचा भाऊ दिसते गा हा! विकून टाकू,” गडी म्हणाले.

लटारूनं दगडाला कान लावला. “टेकडीचं काळीज आहे बापा. झाका.”

खड्डा बुजवून तो दहा पावलं सरकला. तिथं पहिल्याच घावाला पाणी असं उसळलं, की लटारूलाच घेऊन गेलं. तो अजून तळाशी बसून पाणी वर ढकलतो, असं म्हणतात.

तेव्हापासून रीत पडली : विहिरीचं पाणी जो प्याला, त्याला ही गोष्ट पुरी ऐकवायची. पाहुणे तहान बेतानंच लागू देत.

एकदा मोजणीचे साहेब आले. सगुणाआजीनं तांब्या दिला आणि गोष्ट सुरू केली. साहेबांनी चक्क वही काढली. आजीला भरून आलं. इतकं मन लावून आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

“आजी, तो दगड नक्की कुठं बुजवला?”

“त्या मोहाच्या बुडाशी जी. बसा ना, लटारू बुडायचा आहे अजून.”

साहेब बसले नाहीत.

दगड मँगनीजचा निघाला. धूर न सोडणाऱ्या गाड्यांच्या बॅटरीला तो लागतो. तीन वर्षांत टेकडी गेली, मोह गेला, विहिरीचं पाणी खाणीत उतरलं. खाणीच्या फाटकावर हिरव्या पानाचं चित्र आहे; गावात तेवढंच पान हिरवं आहे, कारण ते रोज पुसतात. शहरातली हवा स्वच्छ झाली, असं म्हणतात. आमच्याकडे पाणी आणणारा टँकर डिझेलवर चालतो.

सगुणाआजीनं पुन्हा गोष्ट सांगितली नाही. “नुसतं पाणीच पाजलं असतं तर?” एवढंच म्हणे. ती गेली तेव्हा तोंडात घालायला पाणी शेजारगावाहून आणलं.

कोरडी विहीर आता कुंपणाच्या आत आहे. अक्षय्य तृतीयेला गाव टँकरची पहिली घागर लटारूच्या नावानं तारेपलीकडे ओततं. पाणी चार हातही जात नाही. आत जाऊन विहिरीत ओतू द्यावं, असा अर्ज केला होता. ‘सदर खड्डा विहीर असल्याचा पुरावा जोडावा,’ असा शेरा मिळाला. वरील गोष्ट जोडली आहे. अर्ज प्रलंबित आहे.