कारंज्याभोवतीचं मखर

खूप खूप वर्षांपूर्वी, डोंगरांना अजून नावंसुद्धा पडली नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी पुढे सरकून बसावं. मोठी मंडळी मागे बसली तरी चालेल, माझा आवाज खणखणीत आहे.

एका राजाने आपल्या बागेत कारंजं बांधलं. डोंगरावर तलाव, तिथून जमिनीखालून आलेले खापरी नळ, आणि बागेच्या मधोमध हौदात एक दगडी कमळ. चावी फिरवली की त्या कमळातून पाणी उडणार! असलं काही कुणी कधी पाहिलंच नव्हतं. नगराला दुसरा विषय उरला नाही. पाणवठ्यावर तेच, पारावर तेच. न्हाव्यापुढे बसलेली माणसं अर्ध्या दाढीनिशी हात वर करून दाखवायची, "एवढं उंच जाणार म्हणे!"

सगळ्यांत जास्त आनंद झाला होता राणीला. ती कोरड्या मुलखातली लेक. तिच्या धाकट्या भावाने माहेरहून निरोप धाडला होता, "अक्का, पाणी आपण होऊन वर चढतं म्हणतेस? आमच्याकडे ते बैलांनी ओढल्याशिवाय हलत नाही. थट्टा करतेस होय? थांब, येऊन बघतोच!" आणि खरोखरच तो गोतावळा घेऊन निघालाही होता.

राणीने विसोबा मखरकाराला बोलावून घेतलं. कागद दुमडून कात्रीने त्याची मखरं, तोरणं, मोर, पोपट करावेत ते विसोबानेच. त्याने कातरलेला पोपट पाहून मांजरं दबा धरून बसत, अशी त्याची ख्याती.

"विसोबा," राणी म्हणाली, "कारंज्याभोवती अशी सजावट करा, की माझ्या माहेरची माणसं बघतच राहिली पाहिजेत."

विसोबा हरखला. तिथून निघाला तो थेट चौकात आला आणि चार लोकांपुढे छाती फुगवून म्हणाला, "ऐका रे! माझी सजावट बघून राणीसाहेबांच्या तोंडून 'वा' निघालं नाही, तर ही कात्री नदीत टाकीन. पुन्हा कागदाला हात लावणार नाही!"

ती कात्री त्याच्या वडिलांची. घरातली चूल तिच्यावर पेटायची. बायकोच्या, राहीच्या कानावर हे गेलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "अहो, पण पैज लावायचीच होती, तर पागोट्याची लावायची!"

विसोबा कामाला लागला. बागेत गेला, हौदाचा काठ मोजला, काठापासून हातभर जागा सोडून खुणा केल्या. माळी म्हणाला, "चावी जरा फिरवू का? पाणी कसं उडतं ते तरी बघा."

"नको नको नको!" विसोबा दोन्ही हात हलवत ओरडला. "माझा कागद भिजेल! माझं काम होईपर्यंत एक थेंब सोडायचा नाही!"

इथे मला आमच्या पेठेतला एक कासार आठवतो. बायकांची सगळी गर्दी त्याच्याच दुकानापुढे. लोकांना वाटे, माल भारी असणार. छे! माल शेजारच्या दुकानात होता तोच. पण हा गडी गिऱ्हाइकाचं मनगट दाबून बघितल्याशिवाय मांडणीवरची बांगडी काढत नसे. शेजारचा आधी सगळे रंग पुढे मांडायचा, मग बांगडी हातात चढवताना फोडायचा. असो. आपल्या विसोबाने मनगट पाहिलंच नाही, एवढं लक्षात ठेवा.

सजावट मात्र काय झाली म्हणून सांगू! हौदाभोवती सात रंगांची रांगोळी. तिच्यावर कागदी मोरांची रांग, मोरांवर झालरी, झालरींवर पताका. कोपऱ्यांत सोंड उंच केलेले कागदी हत्ती. गावातले लोक कुंपणावरून माना लांब करून बघत होते आणि आत्ताच 'वा, वा' करत होते. पण त्यांच्या 'वा'ला काय करायचं?

पाहुणे परवावर आले. राणी म्हणाली, "आज मी आधी बघून घेते." तिने पांढरंशुभ्र पातळ नेसलं होतं. सजावट पाहून ती प्रसन्न हसली. 'वा' अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात माळ्याने चावी फिरवली.

नळ आधी खोकला. मग घसा खाकरल्यासारखा आवाज आला, आणि पाणी असं उसळलं की सगळे दचकून मागे सरले! उंच, झाडाच्याही वर! टाळ्या कडाडल्या. आणि त्याच वेळी डोंगरावरून वारा आला. पाण्याने मान वाकडी केली.

पुढचं काय सांगू? रांगोळीचे सात रंग मिसळून चिखलाचा एकच रंग झाला. मोर माना टाकून बसले. झालरींचा लाल रंग ओघळत ओघळत राणीच्या पांढऱ्या पातळापर्यंत पोहोचला. एका हत्तीची सोंड गळून हौदात पडली आणि बदकासारखी तरंगू लागली.

राणीच्या तोंडून निघालं ते 'अरेरे'.

"विसोबा," ती हळू आवाजात म्हणाली, "परवा माझा भाऊ येतोय. त्याला हा लगदा दाखवू?"

विसोबा खाली मान घालून घरी आला, कोनाड्यातून कात्री उचलली आणि मागच्या दाराने निघाला. मोरीच्या सांडपाण्यावर राहीने अळू लावलं होतं. ती तिथेच पानं धूत बसली होती.

"कुठे निघालात?"

"नदीवर. बोललो ते करायला."

राहीने त्याच्याकडे नीट पाहिलं. "जा हो. पण त्याआधी एवढे देठ कापून द्या. उद्यापासून घरात कात्री नसणार."

बिचारा बसला देठ कापत. राहीने तांब्याने पानांवर पाणी ओतलं. विसोबाची कात्री हातातच थांबली.

"अगं, पुन्हा ओत."

"मी भाजी धुतेय, अभिषेक नाही करत."

"ओत गं!"

राहीने ओतलं. पाणी पानावर पडलं, पण पान भिजलं नाही. पाण्याचे मोती झाले. ते मोती मधोमध धावले, एकमेकांत मिसळले, उन्हात लखलखले आणि पान हलताच टपकन खाली उतरले. लगेच नवे मोती तयार.

"राही!" विसोबा उभाच राहिला. "माझ्या मोरांना पाण्याने मारलं, आणि हे पान बघ, पाण्याने नटलं!"

तो तसाच धावत राणीकडे गेला. "राणीसाहेब, आणखी एकच संधी द्या. आणि उद्या दिवसभर पाणी चालू ठेवा."

"कालपर्यंत तर बंद ठेवा म्हणत होतात!"

"तिथेच चुकलो."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून विसोबा कारंज्यापाशी रिकाम्या हाताने बसला. नुसता बघत. नखशिखांत भिजला तरी हलेना. कुंपणावरच्या लोकांना आयती करमणूक झाली.

"मखरकार, उटणं आणून देऊ का?"

"पाठ कोण चोळणार?"

"तूच ये की!" विसोबा आतून ओरडला.

बघता बघता त्याला पाणी कळू लागलं. वारा नसताना ते कुठे पडतं, वाऱ्यावर कुठे झुकतं. टपोरे थेंब कुठे आदळतात, बारीक तुषार कुठवर जातात. आणि उन्हं कलली तेव्हा, पाठीवर सूर्य घेऊन बसलेल्या विसोबाला समोर असं काही दिसलं, की तो लहान मुलासारखा टाळ्या पिटत उठला. मग त्याने जी धावपळ केली म्हणता! नदीवरून काळे गोटे आणले. घराघरांतून तांब्यापितळेच्या वाट्या मागून आणल्या. मोरीमागचं अळू मुळांसकट उपटलं.

"अहो, माझी भाजी!" राही ओरडली, आणि दुसरी टोपली घेऊन स्वतःच मागे धावली.

पाहुणे आले. पाणी बंद होतं. उन्हं कलायची वाट पाहून विसोबाने सगळ्यांना सूर्याकडे पाठ करून बसवलं. समोर काय? वाळून मातकट झालेले गोटे, अळूची पानं आणि पालथ्या वाट्या.

राणीच्या भावाने मिशीला पीळ दिला. "अक्का, ही भाजीची वाडी दाखवायला एवढ्या लांब बोलावलंस?"

माहेरची माणसं खो खो हसली. राणीचा चेहरा लालबुंद झाला. विसोबाने कमरेची कात्री घट्ट धरली आणि माळ्याला म्हणाला, "फिरवा!"

नळ खोकला, घुमला, आणि पाणी आभाळात गेलं!

मातकट गोट्यांवर पाणी पडलं आणि ते गोटे काळेभोर, शाळिग्रामासारखे चमकू लागले. टपोरे थेंब पालथ्या वाट्यांवर पडले. टिण! टण! टिणटिण! प्रत्येक वाटीचा सूर वेगळा. डोंगरावरून वारा आला, पाण्याने मान वाकडी केली, आणि बरोब्बर तिथेच अळू उभं होतं. पानापानावर मोती उड्या मारू लागले. वर तुषारांत एक अख्खं इंद्रधनुष्य उमटलं, इतकं जवळ की पोरं ते धरायला धावली!

राणीचा भाऊ उठला. हौदापर्यंत गेला, वाकून खाली पाहिलं, कारंज्याला वळसा घालून आला आणि अगदी हळू विचारलं, "अक्का... बैल कुठे बांधलेत?"

त्यावर जो हशा पिकला! राणी हसता हसता भिजली, भिजता भिजता हसली. विसोबाचे कान मात्र एकाच शब्दाकडे लागले होते. "म्हणाल्या का?" तो राहीला कुजबुजला. "अजून नाही," राही म्हणाली.

राणीने अळूचं एक पान हलकेच वाकवून भावापुढे धरलं. पानाच्या मधोमध एक टपोरा मोती, आणि त्या मोत्यात उलटं, इवलंसं अख्खं कारंजं. दोघांनी श्वास रोखला. मोती घरंगळला, आणि बहीणभाऊ एकदमच म्हणाले, "वा!"

कात्री कमरेलाच राहिली. पण त्या दिवसापासून विसोबाने एक रीत पाळली. नव्या कामाची जागा बघायला जाताना कात्री घरी ठेवायची. जाऊन बसायचं, बघायचं, भिजायचं असेल तर भिजायचं, आणि मगच घरी येऊन कात्रीला हात घालायचा. राहीनेही मोरीमागे पुन्हा अळू लावलं. राजवाड्यातून पानं मागायला माणूस आला की ती म्हणायची, "घेऊन जा, पण थोडी फदफद्याला ठेवा!"

मंडळी, बोध एवढाच: ज्याला सजवायचं, त्याचा स्वभाव आधी ओळखावा.